बिनगळाची काठी

आमचे बसप्पा भावजी विभूतीच्या डब्याशेजारी कोंबड्याची पिसं ठेवत. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची आठवण निघाली की आधी ती पिसंच दिसतात आणि अंगावर शहारा येतो. लिंगायताचं घर, देवळीत दोन्ही वेळची पूजा, आणि हात घालावा तर मेलेल्या कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं! मी ओरडले की ते कपाळाला विभूती लावत शांतपणे म्हणत, "रिठ्यानं धुतल्यात की, वैनी."

भावजी माझे धाकटे दीर. सोलापुरात एका गिरणीच्या खळखात्यात कारकून होते. सूत ताठ व्हावं म्हणून त्याला खळ लावतात आणि त्या खळीत जनावराची चरबी घालतात. तो शिळा, तेलकट वास त्यांच्या कोटात असा मुरला होता, की कोट मी अंगणातल्या खुंटीच्या आत कधी येऊ दिला नाही. त्यांची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा गौराला त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. ती मला अव्वा म्हणतच मोठी झाली.

पिसांचं खूळ आलं निलगिरीहून. गिरणीचा विणाईचा साहेब एका उन्हाळ्यात तिकडं ट्राउट नावाचे मासे धरायला गेला आणि सामान सांभाळायला भावजींना घेऊन गेला. डोंगरातले अरुंद, गार ओढे, त्यांत हे मासे. गळावर पिसांची खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची, म्हणजे बिचारा मासा खरी समजून तोंड घालतो. एका मुक्या जिवाला फसवायला एवढी कलाकुसर! भावजींनी मासा खाल्ला नाही की त्याला हात लावला नाही. पण ती दोरी हवेतून कशी जाते हे पाहून माणूस जो बिघडला तो कायमचा.

साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं आपल्या काठ्या शिपायाबरोबर आमच्या घरी पाठवल्या आणि यांतली एक ठेवून घे म्हणून सांगितलं. भावजींनी त्या ओसरीवर मांडल्या. एक चांगली जाडजूड होती, चांदीच्या कड्यांची. चोराच्या पाठीत घालायला बरी म्हणून मी तीच सुचवली. भावजी नुसते हसले. एकेक काठी जोडून, मुठीशी धरून, डोळे मिटून ते हलकेच झटका देत आणि तिची थरथर हातात कुठवर येते ते बघत. शेवटी उचलली ती सगळ्यांत बारकी आणि आखूड. कळकाच्या चिरफळ्या चिकटवून केलेली, बुडाशी दोरी गुंडाळायची पितळी फिरकी.

"ल्हान वढ्याला लांब काठी झाडात अडकती, वैनी. अन् जड काठीनं माशी पाण्यात धपकन् पडती. ही बगा, पार मुठीपतोर वाकती."

"सोलापुरात वढा कुटं हाय?" मी विचारलं.

"न्हाय की," ते म्हणाले. "म्हणून काय वाईट काठी घ्यायची?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पक्कडीनं माशीचा गळ कापून टाकला. जीव मारायचा नव्हताच. मग रोज सकाळी बापलेक सिद्धेश्वराच्या तळ्यावर. गौरा पाण्यात पिंपळपान सोडायची आणि भावजी लांबून स्वतः बांधलेली पिसाची माशी त्या पानावर उतरवायचे. एकदा मी रागारागानं त्यांना बोलवायला गेले. माशी पानावर येऊन बसली आणि पान हललंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मी बोलवायचं विसरून बघत राहिले.

पण गावाला गळ कापलेला थोडाच दिसतो! बसप्पा देवाच्या तळ्यात मासे मारतो, असा बोभाटा झाला. नेमकं तेव्हाच गौराचं अक्कलकोटकडं जमत आलं होतं. मुलगा शाळामास्तर, स्वभावानं गरीब, गौराला मनापासून आवडलेला. बिनआईच्या पोरीला असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. मुलाचे वडील शरणप्पा दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "गळ्यात लिंग बांधून मासं मारता? काठी मोडा आमच्याम्होरं. मगच सुपारी फुटंल."

"गळ न्हाय हो तिला," मी म्हणाले.

"काठी ती काठीच."

दुधाचा पेला द्यायला मी वाकले आणि शरणप्पांच्या उपरण्याचा भपकारा नाकात गेला. तोच शिळा, तेलकट वास. गिरणीला चरबीची पिंपं पुरवणारा मक्तेदार अक्कलकोटचा आहे, असं भावजी कधीतरी बोलले होते. नाव सांगितलं नव्हतं. मी चमकून भावजींकडं पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मान हलवून मला नको म्हणून खुणावलं. आत दाराआड गौरा उभी होती.

भावजींनी काठी आणली आणि गुडघ्यावर धरली. ती मोडेना, नुसती वाकत राहिली. पाहुणे बघत बसले होते. अखेर भावजींनी ती पायाखाली दाबली तेव्हा कडकन् आवाज झाला आणि दाराआड पोरगी हुंदका दाबून मागं सरली. सुपारी फुटली. निघताना शरणप्पांनी वाकून फिरकी उचलली. "पितळ चांगलं हाय, वाया कशाला घालवायचं," म्हणत ती खिशात टाकली. इतकी किळस मला त्या पिसांचीही कधी आली नव्हती.

पाहुणे गल्लीच्या वळणावरही पोचले नसतील, मी केरसुणी घेऊन ओसरी झाडायला लागले. माणूस उठून गेल्यावर लगेच झाडत नाहीत, मढं उचलल्यावर झाडतात. मला ठाऊक होतं, म्हणूनच झाडत होते.

भावजींनी केरसुणी माझ्या हातातून काढून घेतली.

"नगा, वैनी. पोरगी त्याच घरात नांदायची हाय."

आणि खाली बसून ते हातानंच चिरफळ्या वेचायला लागले.