व्याही आले की उठायचं

माणसाची पारख पोटरीवरून करणारा गृहस्थ साऱ्या कर्जत तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका व्याही म्हणून आमच्या वाट्याला आला. माझ्या धाकट्या भावाचे हे सासरे. पोशीरला त्यांची भातशेती. लग्नाची बोलणी करायला ते कर्जतला आमच्या घरी आले, तेव्हा मी भावाच्या पदव्या, रसायनीची नोकरी, कंपनीने दिलेलं मानपत्र असं सगळं क्रमाने ऐकवलं. बैलबाजारात दलालाचं ऐकावं तसं त्यांनी ते ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाले, "जरा पँट वर घ्या बघू." आमच्या घराण्यात तीन पिढ्या शिक्षकी आणि वकिली, पण अशी परीक्षा कुणी दिलेली नव्हती. व्याह्यांनी पोटरी अंगठ्याने दाबली, क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "बसून बसून लोणी झालंय. पन चालवला तर सुधरंल." एवढ्यावर लग्न ठरलं.

त्यांची स्वतःची पोटरी सत्तरीतही सागाच्या गाठीसारखी होती. जमिनीवरून उठताना ते हात टेकत नसत, आणि ही गोष्ट समोरच्याच्या लक्षात आली नाही तर पुन्हा बसून पुन्हा उठत. आमच्या सोफ्याला त्यांनी कधी पाठ टेकली नाही. पोशीरला समाजमंदिराच्या उद्घाटनाला एक पुढारी आले होते. सारा गाव हार, गाड्या आणि फेटे बघत होता. आमचे व्याही बघत होते ते पुढारी खुर्चीतून कसे उठतात ते. "हातानं उठतो तो," ते माझ्या कानाशी म्हणाले. "पायात काय नाय. निवडून येईल, पन जिना चढनार नाय." राजकारणावरचं इतकं नेमकं भाष्य मी अजून कुठल्या अग्रलेखात वाचलेलं नाही.

गेल्या वर्षी बाबांना न्यूमोनिया झाला. वय एक्याऐंशी. कर्जतमधल्याच एका रुग्णालयात ठेवलं. चार दिवसांत ताप उतरला, पण तापाबरोबर पायही उतरले. आमचं घर वरच्या मजल्यावर, सतरा पायऱ्या. जिना जमला नाही तर बाबांना रसायनीला भावाच्या तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये न्यायचं, असं आम्ही दोघांनी त्यांच्या उशाशी बसून हळू आवाजात ठरवलं. त्यांनी ते ऐकलं होतं. "माझी पुस्तकांची कपाटं येतील तिथे?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, "बघू." 'बघू' म्हणजे काय, हे लहानपणी त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपीची मुलगी रोज येऊन सांगे, "आजोबांना जेवायला खुर्चीत बसवा. धरून पाच-सहा वेळा उभं करा. या वयात पडून राहिलं की स्नायू भराभर झिजतात आणि परत यायला फार वेळ घेतात." आहाराच्या कागदावर प्रत्येक जेवणात डाळ, अंडं, दही, पनीर लिहिलेलं होतं. आम्ही सुशिक्षित माणसं. आम्ही माना डोलावत होतो. ती गेली की पांघरूण गळ्यापर्यंत ओढत होतो आणि चमच्याने पातळ पेज भरवत होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच ओरडे, "उठू नका, उठू नका!" आजाऱ्याला हलू न देणं, ही आमच्याकडे मायेची शेवटची पायरी.

पाचव्या दिवशी व्याही आले. बाबा कोपर टेकून उठायला लागले, कारण व्याही आले की उठायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. खोलीतल्या आम्ही सगळ्यांनी एकदम "उठू नका" म्हटलं आणि ते मागे पडले. व्याह्यांनी पांघरुणाचं टोक उचललं, अंगठा पोटरीवर ठेवला आणि लगेच काढून घेतला. बाहेर जाऊन त्यांनी लवाजम्यासह फेरीला निघालेल्या मोठ्या डॉक्टरांना अडवलं.

"पेशंट उठवला तर चालंल ना?"

"अर्ली मोबिलायझेशन करायलाच हवं," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे उठवायचा."

"हो."

"मंग तसं बोला ना!"

परत येऊन ते दारात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्याही, आलो हां!" बाबा उठू लागले. या वेळी आम्हाला गप्प बसवण्यात आलं. एका बाजूने मी, एका बाजूने नर्सबाई; बाबा उभे राहिले, थरथरत नमस्कार केला, व्याह्यांनी "बसा" म्हटल्यावर बसले. दोन मिनिटांनी व्याही बाहेर गेले आणि परत आले. "व्याही, आलो!"

"अहो, आत्ताच तर गेलात," बाबा धापा टाकत म्हणाले.

"गेला तो जुना व्याही. ह्यो नवा आला."

"मग त्याचाही मान ठेवला पाहिजे," बाबा म्हणाले आणि उठले.

ते रोज पोशीरहून येत. डब्यात दोन उकडलेली अंडी, मुगाची घट्ट उसळ, दही. आमच्या घरात अंडं चोरूनच खाल्लेलं. बाबांनी तेही नाही. व्याही म्हणाले, "लेकीच्या म्हायेरचा डबा परत गेला, तर तिनं तोंड कुठं दाखवायचं?"

"आबा, मला मधी घेऊ नका," भावाची बायको म्हणाली.

"तू गप गं."

बाबांनी अर्धं अंडं औषधासारखं खाल्लं. उरलेलं अर्धं अंड्यासारखं खाल्लं.

पुढे व्याही खोलीत येईनासे झाले. "आमच्याकडं व्याह्याला घ्यायला दारापर्यंत येतात," असं म्हणून दारातच थांबत. बाबा वॉकर घेऊन दारापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी व्याही व्हरांड्याच्या टोकाला उभे. त्यानंतर रुग्णालयाच्या जिन्याच्या तळाशी. "खाली हाय मी! यायचं असंल तर या, नायतर गेलो पोशीरला!" फिजिओथेरपीची मुलगी हसत बाबांचा हात धरून पायरी पायरी उतरवत होती.

घरी आणलं त्या दिवशी सतरा पायऱ्या चढायला अर्धा तास लागला. नवव्या पायरीवर खुर्ची ठेवली होती. व्याही आधीच वर जाऊन उंबऱ्यात उभे होते. "या व्याही, या."

"घर माझं आहे," बाबा शेवटची पायरी चढत म्हणाले. "या मी म्हणायचं." कपाटांपाशी जाऊन त्यांनी एका पुस्तकावरची धूळ पुसली आणि तेवढ्याने दमून बसले.

यंदा कापणीच्या दिवसांत व्याही बांधावरून चालता चालता गेले. गाडी बोलवायलाही वेळ मिळाला नाही. दहाव्याला आम्ही पोशीरला गेलो. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत भिंतीशी बसले होते. नेरळहून भावाने व्याह्यांचा मोठा केलेला फोटो फ्रेम करून आणला आणि तो छातीशी धरून दारातून आत आला.

बाबांनी खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. मग ते काढून घेतले, आणि नुसत्या पायांवर उठून उभे राहिले. "उठू नका" असं आमच्यापैकी कुणी म्हणालं नाही. "बसा" म्हणणारे भिंतीवर टांगले जात होते. त्यामुळे बाबा बराच वेळ तसेच उभे राहिले.