पर्याय कुठंयत?

उदगीरचे रेणुकादास सर लातुरात अठरा वर्षं इंग्रजी शिकवतात आणि या अठरा वर्षांत त्यांनी इंग्रजीचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. गरजच पडली नाही. चार पर्यायांतलं अर्धवट वाक्य ओळखा, गोल काळा करा, एवढाच त्यांचा क्लास. दीडशे पोरं एका हॉलमध्ये. सर वाक्य म्हणायचे, पोरं ओरडायची, "अर्धं!" उत्तर चार सेकंदांत.

"वाचत बसू नका," सर बजावायचे. "वाचलं की वेळ जातो."

उमरीची साक्षी ही त्यांची पन्नासपैकी पन्नासवाली. ऐन सोयाबीन काढणीत तिच्या आईचा हात मोडला आणि साक्षी बारा दिवस गावी राहिली. परत आली तर होस्टेलच्या रेक्टर मालविका मॅडम म्हणाल्या, "आठ दिवसांच्या वर गैरहजर म्हणजे कॉट वेटिंगवालीला. हवी असेल तर पाचच्या आत कारण लिहून आण. इंग्रजीत. स्वतः." मॅडम रागवायच्या मराठीत, अर्ज मात्र इंग्रजीतच घ्यायच्या. साक्षीनं लिहिलं. कागद परत आला. एकही वाक्य धड पुरं नव्हतं.

तिचे वडील सटवाजी तिला घेऊन थेट क्लासवर आले.

"सर, एवढं नीट करून द्या. कॉट गेली तर पोरगी वापस जाती उमरीला. तिची आई तर म्हणायलीच, बस्स झालं शिक्षण."

सरांनी झोकात लाल पेन काढला. "बिकॉज माय मदर. अर्धं! व्हेन द सोयाबीन. अर्धं! आफ्टर ट्वेल्व्ह डेज. अर्धं!" नऊपैकी नऊ. "बघा मामा, अर्ध्या मिनिटात!"

"हाव. आता पुरे करा की."

"पुरे?" सरांनी कागद उलटून पाहिला. "पर्याय कुठंयत?"

"कशाचे?"

"चार पर्याय द्या, बरोबर कोणतं ते आत्ता सांगतो."

"सर, मला एकच पोरगी हाय. पर्याय कुठून आणू?"

सव्वाचार झाले. सर पंख्याकडं बघत होते. सटवाजी पोरीकडं वळले.

"काय झालं ते सांग."

"हात मोडला."

"कोणाचा? माझा?"

"आईचा. आईचा हात मोडला."

"मंग असंच लिही. सोयाबीन कोणी काढलं?"

"मी आन् आत्यानं काढलं."

"लिही. आन् तुला काय पायजेल?"

साक्षी ओढणीचं टोक पिळू लागली.

"लाजतीस काय? कॉट काय माझ्यासाठी मागायलीस?"

"मला माझी कॉट पायजेल."

इंग्रजीत सात वाक्यं झाली, सातही पुरी. सरांच्या ओठांवर सवयीनं "अर्धं" आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि श्रेय घ्यायला तेही होस्टेलवर निघाले.

मालविका मॅडमनी चष्मा लावून वाचलं. "छान. कोणी शिकवलं?"

"आमच्याच क्लासची," सर पुढं सरकले.

"बरं झालं तुम्हीच आलात. शिक्षकाची शिफारस लागते. दोन ओळी, इथंच, इंग्रजीत. त्याशिवाय कॉट देता येत नाही."

पाचला बारा मिनिटं कमी. सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. कागद कोराच.

"सर," सटवाजी कानाशी आले, "पर्याय मागू का मॅडमला?"

साक्षी टेबलावर वाकली. "सर, मी तुमची कोण?"

"विद्यार्थिनी."

"लिहा. बारा दिवस मी कुठं होते?"

"मला काय माहीत? मी हजेरी घेत नाही."

"घरी होते सर. आईजवळ. लिहा."

सरांनी लिहिलं, पहिलीतल्या पोरासारखं, जीभ बाहेर काढून. मॅडमनी दोन्ही ओळी वाचल्या, शिक्का मारला. साक्षी गादी झटकायला वर पळाली.

जिन्याशी सरांनी सटवाजींना गाठलं.

"मामा, रविवारी मोकळे असता का?"

"कामून?"

"लेखनाची नवी बॅच काढतोय. फक्त प्रश्न तुम्ही विचारायचे."

"जमत न्हाई सर," सटवाजी चपला घालत म्हणाले. "हरभरा पेरायचाय."