निळ्या चिंधीची किल्ली

सकाळी साडेनऊच्या सुमाराला दत्तूदादाच्या नंबरवरून फोन आला आणि मी तो कापला. गणपती आठ दिवसांवर आले होते. 'मास्तर, घर उघडलाय, गाद्यांना ऊन दाखवू काय?' असलंच काहीतरी तो विचारणार, अशी माझी खात्री होती आणि माझा तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला तो वैतागूनच. पलीकडे दादा नव्हता, वहिनी होती. "भावजी, हे बापूकाकांच्या पायरीवर बसलेत... उठत नायत," एवढंच ती म्हणाली. "पाणी दे, मी निघतोच," मी म्हणालो. पाण्याची वेळ टळून गेली होती हे तिला तेव्हाच कळलं असावं. मला मात्र वाटेतला हातखंब्याचा फाटा मागे पडेपर्यंत ते मान्य करता आलं नाही.

दत्ताराम माझा चुलत भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमची वाडी संगमेश्वरपासून आत, रस्ता संपला की पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी वर चढायचं. चौदा घरं, सगळी भावकी. त्यातली अकरा घरं वर्षाचे साडेदहा-अकरा महिने बंद असतात, कारण माणसं मुंबईला. मी तर मुंबईलाही नाही, रत्नागिरीत, तास-दीड तासाच्या अंतरावर. कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. म्हणून दादा मला मास्तर म्हणायचा. तो स्वतः कुठे गेलाच नाही. थोडी भातशेती, थोडी काजूची झाडं, दोन गुरं, आणि माजघराच्या दारामागची ती खुंटी. त्या खुंटीवर अकरा घरांच्या किल्ल्या. पहिली बापूकाकांनी ठेवली, पोराकडे मुंबईला राहायला जाताना. मग एकेक करत बाकीच्यांनी. प्रत्येक किल्लीला दादाने त्या त्या घरातल्याच जुन्या कपड्याची चिंधी बांधली होती, म्हणजे अंधारातसुद्धा हाताला ओळखू येते म्हणायचा. आमच्या किल्लीला माझ्या आईच्या पातळाची निळी चिंधी होती. आई गेली, घर बंद झालं, आणि ती किल्ली अकरावी म्हणून खुंटीला लागली.

किल्ली ठेवून जाताना प्रत्येकजण एकच वाक्य बोलायचा, "दत्तू, जरा बघ हां." या 'जरा बघ'मध्ये काय काय येतं, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. पावसाआधी कौलं परतायची, वाळवी लागलीय का बघायचं, पंपाची मोटर, विजेचा मीटर, परसातला फणस माकडांनी खाल्ला की शेजाऱ्याने उतरवला याचा निवाडा, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक देवापुढे दिवा. रविवारी मुंबईत सगळ्यांना सुट्टी, म्हणून रविवारी दादाचा फोन दिवसभर वाजायचा. "बघतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. तो ते इतकं हसून म्हणायचा की आम्ही आपसांत त्याचं कौतुक करायचो. दत्तूला काही वाटत नाही, त्याला आवड आहे, मोकळ्या हवेत राहतो, ना लोकलची धावपळ ना साहेबाची कटकट... असं बोलणाऱ्यांत मीही होतो. आपल्याला सोयीचं असलेलं माणूस सुखी आहे असं धरून चालणं किती सोपं असतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. गेली काही वर्षं मी शिक्षकांसाठी, बँकेतल्या लोकांसाठी ताणतणावावर व्याख्यानं देतो. ताण म्हणजे काय, तो शरीरात कसा साठतो, रोजच्या जगण्यात त्याला कसं हाताळायचं. दोन तासांचा कार्यक्रम, मध्ये चहा, शेवटी दीर्घ श्वसन. बरं बोलतो, लोक टाळ्याही वाजवतात. गेल्या वैशाखात अशाच एका व्याख्यानाला दादा येऊन शेवटच्या रांगेत बसला. रत्नागिरीत पंपाची मोटर दुरुस्तीला आणली होती, ती संध्याकाळी मिळणार होती, तोवर वेळ होता. मी त्या दिवशी रंगात होतो. मोठी संकटं माणूस पेलतो, रोजच्या बारीकसारीक मागण्या त्याला पोखरतात, म्हणून 'नाही' म्हणायला शिका, असं मी हात वर करून सांगत होतो. दादा पुढे झुकून, मोटरच्या तेलाचे हात मांडीवर ठेवून ऐकत होता. शाळेत तो असा कधी बसला नव्हता.

नंतर आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर उभे राहिलो. तो म्हणाला, "मास्तर, बोल्लास ता सगला पटला. पण नाय बोलायचा कसा, ता काय सांगितलंस नाय."

मी म्हणालो, "सोप्या ठिकाणापासून सुरुवात करायची. समजून घेणाऱ्या माणसापासून."

त्याने थोडा वेळ बशीतला चहा फुंकला. मग शर्टाच्या खिशातून आमच्या घराची किल्ली काढली, निळ्या चिंधीसकट, आणि टपरीच्या फळीवर ठेवली. "मग ही तुझी तू ठेव. तू जवळ हायस. महिन्यान् एकदा आलास तरी पुरे. मना आताशा... ह्या सगल्याचा जरा जड जाता."

तो माझ्याकडे बघत नव्हता, किल्लीकडे बघत होता. आणि मी काय केलं? मी हसलो. "अरे, दहा घरं बघतोस, त्यात एका किल्लीचं काय ओझं होणार तुला? आणि आईच्या देवापुढे दिवा कोण लावणार?" असं म्हणून मी ती किल्ली उचलली आणि त्याच्याच खिशात परत घातली, वरून खिशावर थापही मारली.  दादा नेहमीसारखा हसून म्हणाला, "बरा. बघतो." चहाचे पैसे त्यानेच दिले.

मुंबईवाल्यांना माहीत नव्हतं असं म्हणता येईल. मला माहीत होतं. वाक्य माझं, शिकवण माझी, आणि ती खरी मानून त्याने आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हणून बघितलं ते माझ्याच जवळ. ती किल्ली त्याने खुंटीवरून सोडवून, मोटर आणताना खिशात घालून आणली होती. म्हणजे घरातून निघतानाच त्याच्या मनात होतं. व्याख्यानातून त्याला फक्त धीर मिळाला, आणि तो धीर मी पाच मिनिटांत काढून घेतला.

खुणा दिसत नव्हत्या असंही नाही. फोन वाजला की तो दचकायचा. जेवताना घास हातात धरून कुठेतरी बघत बसायचा. डावा खांदा चोळायची सवय लागली होती, त्याला आम्ही कौलं परतल्याचा परिणाम म्हणायचो. हे सगळं माझ्या व्याख्यानात आहे, तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर, चित्रांसकट. वहिनी नंतर म्हणाली, "झोपेत पण इचारायचे, पंप बंद केला काय. मी म्हनायचे, केला. तरी उठून बगून यायचे." डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली होती. बापूकाकांच्या सुनेला देवरुखच्या वैद्याची औषधं मुंबईला पाठवायचं त्याच्या ध्यानात राहायचं, स्वतःची गोळी राहून जायची.

गणपतीआधीचे पंधरा दिवस म्हणजे त्याचा कळस. अकराही घरं उघडायची, झाडायची, विहिरीचं पाणी चढवायचं, कारण चाकरमानी आले की त्यांना घर कालच सोडल्यासारखं लागतं. त्या सकाळपर्यंत त्याची आमच्यासकट सहा घरं झाली होती. सातवं बापूकाकांचं. घरापुढचं अर्धं खळं झाडलेलं होतं, अर्धं तसंच. केरसुणी त्याने पायरीला नीट टेकवून ठेवली होती, आणि मग बसला असावा.

भावकीत सुतक, त्यामुळे यंदा वाडीत गणपती आला नाही. रजा मात्र सगळ्यांच्या मंजूर होत्या, तिकिटं काढलेली होती. अकरा घरं माणसांनी भरली. मखरं गुंडाळलेलीच राहिली आणि लोक पडवीत बसून दत्तूच्या आठवणी काढत होते. सगळे रडले, मनापासून रडले, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. तेराव्याला जेवणं झाल्यावर वहिनीने खुंटीवरच्या सगळ्या किल्ल्या सुपात काढल्या आणि ते सूप ओटीवर मधोमध आणून ठेवलं. "आपापल्या ओळखा नि घ्या," म्हणाली.  चिंध्या चाचपत एकेकाने किल्ली उचलली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा त्या अकराच्या अकरा आम्ही एका जागी पाहिल्या. सूप रिकामं झालं आणि मला वाटलं, चला, एवढं तरी समजलं आम्हाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या गाड्या निघाल्या. जाताना एकजण आत डोकावला, "वहिनी, आमची इथेच राहू दे, उगाच मुंबईत हरवेल. जरा बघा हां." मग दुसरा. मग बापूकाकांचा मुलगा, तो तर तिच्या पाया पडून. वहिनी पदर तोंडाला लावून 'हो' म्हणून मान हलवत होती. मी खळ्यात उभा होतो. ताणावर दोन तास अडखळल्याशिवाय बोलणारा माणूस. मी त्यांच्या पिशव्या पाखाडी उतरून गाड्यांपर्यंत पोचवल्या. दुपारपर्यंत खुंटीवर सात किल्ल्या परत लागल्या होत्या.

आता नवरात्रही होऊन गेलं. दोन व्याख्यानांची बोलावणी आली होती, मी नको म्हणून कळवलं. 'समजून घेणाऱ्या माणसापासून सुरुवात करा' हे वाक्य तोंडातून निघेल असं वाटत नाही. दर दुसऱ्या रविवारी मात्र वाडीवर जातो. घर झाडतो, आईच्या देवापुढे दिवा लावतो, पंप चालू करून बघतो. पहिल्याच दिवशी कंबर धरली. एका घराला अर्धा दिवस लागतो, हे मला या वयात कळलं. मग उरल्या वेळात वहिनीबरोबर आणखी एखादं घर उघडतो. सात घरांना मी एकेक फोन केला, नीट बोललो. दोघांनी येऊन किल्ल्या नेल्या, एकाने अजून बोलणं टाकलंय. पाच उरल्यात. वहिनी म्हणते, "ऱ्हावदे भावजी, मी बगते." 

गेल्या रविवारी उशीर झाला होता, घाईत घर बंद केलं आणि वहिनीचा निरोप घ्यायला गेलो. ती आत चहाची भांडी घासत होती. बोलता बोलता माझा हात सवयीने दारामागे गेला आणि किल्ली खुंटीला अडकवूनही झाली. पायरी उतरल्यावर ध्यानात आलं. परत आत गेलो, चाचपून निळी चिंधी शोधली, किल्ली काढली आणि पँटच्या खिशात घातली. जुनी, लांब दांड्याची किल्ली आहे ती. गाडी चालवताना हातखंब्यापर्यंत मांडीला टोचत होती. मी ती तिथेच राहू दिली.