खाली उतरवलेला दांडा

त्या वर्षी माझी बदली मरोळच्या पलीकडे, आरे कॉलनीच्या कडेला असलेल्या प्राथमिक शाळेत झाली. मी तेवीस वर्षांची होते. वडील गेलेले, घरात मी आणि आई. अंधेरीच्या पूर्वेला एका जुन्या ख्रिस्ती गावठाणात, एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. शाळेकडे बस जायची, पण तिची वेळ आणि शाळेची वेळ कधी जुळली नाही. ती चुकली की तासभर चालायचं. घामाघूम होऊन पोचावं, तर मुख्याध्यापक हजेरीपटात माझ्या नावापुढे लाल शाईनं 'उशीर' लिहून मोकळे झालेले असत.

घरमालकांना मी काका म्हणायचे. आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलेला माणूस. निवृत्त व्हायच्या जरा आधी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. आता ते भाताच्या खाचरांकडे बघायचे आणि बाकीचा वेळ पडवीत बसून काढायचे. एका संध्याकाळी मी चपलेचा तुटलेला अंगठा हातात घेऊन अनवाणी घरी आले. ते त्यांनी पाहिलं. मला काही न विचारता ते आत गेले आणि माळ्यावरून एक वस्तू खाली ओढून आणली. सायकलची नुसती फ्रेम. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. काळा रंग पोपडे धरलेला, पण नखानं टिचकी मारली की घंटेसारखी वाजायची.

कारखान्यातल्या एका मित्रानं ती दिली होती, म्हणाले. निवृत्तीनंतर स्वतःसाठी सायकल बांधायचा बेत होता, तेवढ्यात बोटं गेली.

"मी सांगीन, तू कर," काका म्हणाले. "चालवता येते ना?"

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या क्षणी नाही म्हटलं असतं तर फ्रेम परत माळ्यावर गेली असती, एवढंच मला दिसलं.

पहिली अडचण फ्रेमचीच होती. ती पुरुषांची फ्रेम, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत वरून आडवा दांडा. नऊवारी असती तर कदाचित निभलं असतं, मी पाचवारी नेसायचे. काका दोन दिवस त्या दांड्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खडूनं दोन रेघा मारल्या आणि करवत माझ्या हातात दिली. दांडा कापायचा, जरा आखूड करायचा आणि तिरका करून खाली बसवायचा. मग पाय टाकायला जागा होईल.

चांगलं पोलाद कापायला माझा हात धजेना. पण एकदा करवतीनं रेघ धरली आणि चकचकीत कीस खाली पडायला लागला, तेव्हा अंगात काहीतरी संचारलं. दांडा निघाला तेव्हा मी दरवाज्यात उभ्या आईला तो उंच करून दाखवला. तिनं कपाळाला हात लावला.

कापणं सोपं होतं, बसवणं अवघड. नळीचं टोक दुसऱ्या गोल नळीला बिलगायचं तर ते माशाच्या तोंडासारखं घासावं लागतं. अर्धगोल कानस घेऊन मी चार संध्याकाळी घासत होते. टोक जागेवर धरायचं आणि उजेडाकडे बघायचं. फटीतून उजेड दिसला की काका मान हलवायचे आणि मी पुन्हा घासायला बसायचे. वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा माझ्या हाताला ती कानस जाणवायची. चौथ्या संध्याकाळी फट मिटली. काकांनी टोक फिरवून फिरवून पाहिलं, डोळ्याजवळ नेऊन पाहिलं आणि विडी पेटवली. म्हणजे पास.

रविवारी काकांची चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर अंगणात कोळशाची भट्टी पेटवली. मी भात्याचा दांडा ओढत होते. पितळ नीट धरावं म्हणून सांध्यावर टाकणखार पसरलेला. लोखंड आधी काळं, मग गडद लाल, मग नारिंगी झालं. काकांनी डाव्या हातानं पितळेची सळी पुढे केली आणि एकाएकी ती वितळून सांध्याभोवती पाण्यासारखी पळाली, आत शिरली, सोन्याची कड उठली. मला ओरडावंसं वाटलं. मी भाता ओढायची थांबले, तर काका खेकसले की आत्ता थांबलीस तर वाट लागेल. मी पुन्हा ओढायला लागले, आणि दुसरा सांधाही तसाच भरला.

त्यानंतर एकेक भाग येत गेला. काकांच्या जुन्या ओळखी वांद्र्यापासून कुर्ल्यापर्यंत पसरलेल्या. कुणाच्या दुकानातून पुढचं चाक धरणारा चिमटा, कुणाकडून पायडलचा क्रँक, बाजारातल्या सायकलवाल्याकडून रिमा आणि तारा. शाळेतून येताना पडवीत नवीन काय पडलंय ते बघायला मी शेवटचं वळण जवळजवळ पळतच घ्यायचे. मला कळलं की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे माहीत नसल्यामुळे मी अर्धा तास ते चुकीच्या बाजूला फिरवत होते आणि काका गंमत बघत शांत बसले होते. चाकाच्या मध्यावरच्या हबमधले छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून बसवताना मला सणाला रांगोळीचे ठिपके मांडल्यासारखं वाटायचं.

चाकांनी मात्र रडवलं. मागच्या चाकाला चाळीस तारा. काकांनी सांगितलं तशा मी विणल्या, आवळल्या, आणि चाक फिरवलं तर ते दारू प्यायल्यासारखं डोलायला लागलं. मी सगळ्या तारा सोडल्या. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काकांनी माझ्या हातात खडूचा तुकडा दिला. शाळेतलाच खडू. तो रिमेजवळ धरून चाक फिरवायचं. जिथे खडू लागेल तिथे रिम बाहेर आलेली. त्या बाजूची तार सैल, समोरची घट्ट.

"पाव फेरा," ते म्हणाले. "पावच. चाकाला कळतं घाई केलेली."

पाव पाव फेऱ्यानं दोन तास गेले. मग एका फेऱ्यात खडू कुठेच लागला नाही. चाक फिरतंय की थांबलंय हेच कळेना, इतकं ते सरळ फिरत होतं. मी खडू टाकला आणि नुसती बघत राहिले. काकांनी तारांवर बोटं फिरवून आवाज ऐकला आणि म्हणाले, कारखान्यात लागली असतीस तर तुला माझ्या हाताखाली मागून घेतलं असतं.

आईचा विरोध एकाच गोष्टीला होता. साडीचा काठ चाकात जाणार आणि पोरगी रस्त्यावर पडणार. ती हे रोज म्हणायची. एके दिवशी मागच्या मडगार्डला तिनं कडेनं भोकं पाडून मागितली, का ते सांगितलं नाही. मी पाडून दिली. आठवड्यानं पाहते तर तिनं पांढऱ्या जाड दोऱ्याची, क्रोशाच्या सुईनं विणलेली जाळी मडगार्डपासून आसापर्यंत ताणून बसवली होती, दोन्ही बाजूंना. कडेला कमळाची नक्षीसुद्धा होती. तिनं एवढंच विचारलं की मळली तर काढून धुता येईल का.

सायकल पुरी झाली. हिरवा रंग दिला होता. काकांनी हवा भरली, सीट माझ्या मापानं खाली केली आणि म्हणाले, बस.

मी हँडल धरून उभीच राहिले. मग सांगून टाकलं की मला चालवता येत नाही.

काकांच्या पत्नी, ज्यांना मी मावशी म्हणायचे, तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. साठीच्या, ठेंगण्या, काटक बाई. लुगड्याचा काठ त्यांनी कमरेला खोचला, उठल्या आणि मागचं कॅरिअर धरलं.

"चल गं," त्या म्हणाल्या. "तीन महिने बांधलीस, आता तीन दिवसांत शिक."

तिन्ही दिवस त्या चर्चच्या मोकळ्या जागेत माझ्यामागे पळत होत्या. मी दोनदा कुंपणावर गेले, एकदा त्यांच्याच अंगावर. त्या उठायच्या, माती झटकायच्या, पुन्हा कॅरिअर धरायच्या. तिसऱ्या संध्याकाळी मी वळले आणि पाहिलं, तर मावशी लांब चर्चच्या पायरीवर बसून पदरानं वारा घेत होत्या. मागे कुणीच नव्हतं. मी एकटी चालवत होते. ते कळताच मी पडले, पण त्या पडण्याचं काहीच वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी शाळेजवळच्या चढावर माझा दम निघाला. अर्ध्यावर पायडल थिजलं आणि उतरून ढकलत न्यावी लागली. दूधकेंद्राच्या गाडीवरची माणसं बघून हसली. संध्याकाळी रडवेल्या तोंडानं काकांना सांगितलं, तर ते उलट खूश झाले. दोष माझ्या पायांचा नाही, दातांचा, म्हणाले. मागच्या फ्रीव्हीलला, म्हणजे चेन चढते त्या चक्राला, अठरा दात होते. त्यांनी वीस दातांचं आणवलं. ते मी स्वतः बसवलं, चेनला एक कडी जोडली. सपाट रस्त्यावर पाय जास्त फिरवावे लागणार होते, पण चढ हलका होणार होता.

दुसऱ्या सोमवारी मी त्या चढाला लागले. सीटवरून उठले नाही. पाय सावकाश पण न थांबता फिरत होते, चेन एका लयीत कुरकुरत होती, डाव्या हाताला गवताचा आणि गोठ्यांचा वास. अर्धं झालं. जिथे उतरले होते ते झाड मागे गेलं. मग एकाएकी पायांखालचं ओझं नाहीसं झालं आणि समोर शाळेची कौलं दिसली.

मी इतकी लवकर पोचले होते की दाराला कुलूप होतं. पायरीवर बसून वाट बघावी, असं मनात आलं. पण उतरवेना. मी शाळेला एक फेरी मारली, मग दुसरी. मुख्याध्यापक किल्ली घेऊन आले तेव्हा माझी पाचवी फेरी चालू होती. ते कुलपाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि दार उघडायचं सोडून, मी पुन्हा कोपऱ्यावरून वळून येईपर्यंत तिथेच उभे राहिले.