दोराला लागलेले हात

दुपारचं जेवण अंगावर येतंय आणि द्वारका गिरप ओसरीवर पाट उशाशी घेऊन आडवी झालीय. डोळा लागू द्यायचा नाही, असा तिचा ठाम निश्चय आहे. पाच वाजता देवळात बैठक. छातीवर जुन्या कॅलेंडरचा कागद, आणि त्याच्या पाठीवर वेळकुंड वाडीतली धडधाकट माणसं, सकाळपासून दारोदार फिरून तिनं लिहिलेली. रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं एकच मोठं जाळं. समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि किनाऱ्यावरून दोन दोरांनी ओढून आणायचं. त्याला छत्तीस माणसं लागतात. आहेत सत्तावीस. आज आणखी नऊ उभी राहिली नाहीत, तर जाळं खाडीपलीकडे विकून टाकायचं ठरलंय. जाळं गेलं की उरलेली घरंही दारांना कुलपं घालून मुंबईला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता नऊ माणसं काय माडावरून पाडायची? निश्चय ठीक आहे, पण पोटातली कुळथाची पिठी कुणाचं ऐकते? पापण्या मिटतात.

"गो द्वारका, चाय झाली?"

चुलीपुढे सासरा उकिडवा बसलाय. लाडू तांडेल, वेळकुंडची रापण चाळीस वर्षं हाकणारा, जाऊन सहा वर्षं झाली. गुडघ्यापर्यंत ओला आहे. द्वारका धडपडत पदर सावरते. भीती बिलकूल वाटत नाही, उलट इतका आनंद होतो की रडू फुटतं.

"मामांनू! खंय होतात इतके दिस?"

"खंय म्हणजे? दोरावर!" तो खेकसतो, जिवंतपणी खेकसायचा अगदी तसाच. "किती मोजलंस?"

"सत्तावीस."

"परत मोज."

चुलीतून काथ्याचा दोर बाहेर येतोय. तो टोक तिच्या हातात देतो. दोर ताणलेला आहे, आणि पलीकडे काहीतरी जड, जिवंत ओढ घेतंय. तिच्या पायाखाली वाळू आहे. फडताळ, मडकी, भिंत काहीच उरलेलं नाही. समोर लखलखता समुद्र आणि दोन्ही दोरांवर माणसं.

"हैस्सा!" तांडेल ओरडतो. द्वारका ओढता ओढता मोजते. कुबलांचा बाबी, त्याची बायको, टेमकरांचे तिघे... सत्तावीस होतात. पण दोर संपत नाही. मागे आणखी माणसं आहेत, टाचा वाळूत रोवून मागे रेललेली.

"वयनी, वायच पुढे सरा, पाय अडाकता!"

तिच्या मागे मनमाया आहे. वाडीच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं आहेत, त्यातली ही. वाडीच्या विहिरीवर अकरा वर्षं पाणी भरून भरून आता वाडीतल्या पोरींपेक्षा बरी मालवणी बोलते.

"मामांनू, ही तर सड्यावरची माणसा!" द्वारका ओरडून सांगते. "वाडीची न्हय ती. तेंका कशी मोजूची?"

तांडेल दोर सोडत नाही, पण मान वळवून असा बघतो की तिला नव्या नवरीसारखं कानकोंडं होतं.

"माझो आजो खंयसून इललो, ठावक आसा? फुटक्या होडयेतसून! नाव सुदीक सांगूक येय नाय होता. ह्याच वाळूत पडललो. उठलो आणि दोराक हात लावलो. सांजेक माशांचो वाटो गावलो. वाटो गावलो म्हणान घर गावला. घर गावला म्हणान तुका घोव गावलो!"

ही तर रापणीची रीतच. दोराला हात लावला त्याला वाटा, आणि वाटा घेतला त्याला गाव कुठला हे विचारायचं नाही. वाडीतलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण सकाळी कागद घेऊन निघाली तेव्हा द्वारकेच्या ते डोक्यातसुद्धा आलं नाही. शेवटच्या घरापाशी तिचे पाय आपोआप मागे वळले होते. सड्याची पायवाट तिथूनच वर चढते.

"दारा मोजलंस तू," तांडेल म्हणतो. "हात मोजूक नाय."

ती पुन्हा मोजते, घाईघाईनं, बोलता बोलता अडखळत. अठ्ठावीस, एकोणतीस... दोर किनाऱ्यावरून सड्यावर चढलाय, माणसं कलमांच्या सावलीत ओढतायत, आणि जाळं येतं तेच मुळी आंब्याच्या पानांतून, बांगड्यांनी गच्च भरलेलं! बांगडे फांद्यांवर उड्या मारतायत. मनमाया मोठमोठ्यानं हसतेय.

"अडतीस! मामांनू, अडतीस जाली!"

"दोन जास्तीच," तांडेल म्हणतो. त्याचा आवाज मऊ झालाय. "मगे एक म्हातारो दमलो तरी चलात. मी सोडतंय गो आता."

"नको! वायच थांबा मां!"

"माझ्या जाग्यार कोणाक तरी उभा कर."

तो हात सोडतो. त्याचं सगळं वजन एकदम तिच्या हातात येतं, दोर तळव्यातून सर्रकन घसरतो आणि ती किंचाळून उठते.

ओसरी. कोंबड्या. घड्याळात सव्वाचार. उजवी मूठ गच्च मिटलेली आहे. उघडते तर तळव्यावर आडवा, लालभडक चट्टा, आणि त्यात रुतलेलं काथ्याचं एक ओलं सूत. या घरात पंधरा वर्षं नायलॉनशिवाय दोर नाही.

नवल करायला आत्ता वेळ नाही. ती पेन्सिल उचलते. उजव्या हातात धरवत नाही, म्हणून डाव्या हातात घेते आणि सत्तावीस नावांखाली वेडंवाकडं लिहिते: मनमाया.

पेन्सिल थांबते. आडनाव? अकरा वर्षांत कुणी विचारलेलंच नाही.

कागद कमरेला खोचून द्वारका ते विचारायला सड्याच्या पायवाटेला लागते, चपलांशिवाय, धावतच.