पॅनलवरचा बर्फ

मुलाकडे परदेशात आल्यापासून माझी सकाळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाते. समोरच्या घराच्या छपरावर सोलर पॅनल आहेत. रात्री बर्फ पडला की ते पार गडप होतात. मग ऊन येतं, कडेला उघडी राहिलेली काळी काच तापते आणि आतल्या आत बर्फ सुटू लागतो. वरून मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. आणि एकदम धप्प! सगळा थर अंगणात.

आज तो कोसळला तेव्हा मुलगा चहा पीत होता. कपाकडे बघतच म्हणाला, "आई, तुझं परतीचं तिकीट रद्द केलंय. मिरजेच्या घरात भाडेकरू आलेत."

"कधी?"

"दिवाळीनंतर लगेच. मामानेच किल्ली दिली. तिथे तुला एकटीला कसं ठेवायचं?"

"आणि मला विचारायचं राहिलंच का रे?"

मामा म्हणजे माझा सख्खा भाऊ. परवाच फोनवर सांगत होता, तुझ्या जास्वंदीला रोज पाणी घालतोय म्हणून.

मी पुन्हा खिडकीशी गेले. पॅनल काळेभोर चमकत होते. खालची पकड केव्हाच सुटलेली असते. सगळ्यात वरच्या बर्फाला ते पडताना कळतं.