लाल हाडं, निळ्या कूर्चा

प्रयोगशाळेत तिला सगळे हाडवाली मावशी म्हणत आणि तिला त्याचा कोण अभिमान! गाभण उंदरिणींना औषध दिलं तर पोटातल्या पिल्लांच्या हाडांचं काय होतं, हे बघणं तिचं काम. पिल्लं रंगात आणि पोटॅशच्या पाण्यात मुरवली की मांस काचेसारखं आरपार दिसे. हाडं लालभडक, कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेले मऊ भाग, निळ्याशार. कुठली बरगडी वाकडी, कुठलं हाड कच्चं, मावशी पटापट सांगे. नजर आधीच कलू नये म्हणून कुठल्या आईला औषध दिलं आणि कुठलीला नुसतं पाणी, हे तिला शेवटपर्यंत कळू देत नसत. हा नियम मोडणाऱ्याची ती बिनपाण्याने करी.

घरी मात्र तिच्या जिभेला हाड नव्हतं. ताटावर बसली की बरगड्या सुरू! जावईबापू घास हातात धरून छताकडे बघत.

लेकीला फिट्सचा त्रास, गोळ्या जुन्याच. तिला दिवस गेले होते, आणि एका रात्री जेवताना मावशी बोलून गेली, "सध्या तुझ्याच गोळीवर प्रयोग चाललाय. काय त्या पिल्लांच्या बरगड्या, पार वेड्यावाकड्या!"

झालं. लेकीने गुपचूप गोळ्या बंद केल्या, आणि आठवड्याभरात फिट येऊन स्वयंपाकघरात कोसळली.

दवाखान्यात मावशीने रडत सगळं ओकून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाकड्या बरगड्यांची ती पिल्लं औषधवाल्या आईचीच होती ना?"

मावशी पुटपुटली, "ते अजून उघड नाही केलेलं."

"मग तुम्ही कशावरून सांगितलंत?"

मावशीला धरणी दुभंगावी असं झालं. "काही गोळ्यांनी धोका असतो, म्हणूनच ही पारखून दिली होती," बाई लेकीला म्हणाल्या. "शंका आली तर मला विचारायचं. मनाने गोळी बंद केलीस तर तुलाही धोका आणि बाळालाही." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतर घरात बरगडीचं नाव निघालं नाही; मावशी हवापाण्यावर बोलू लागली आणि जावईबापू पोटभर जेवू लागले. रात्री मात्र तिचा डोळा लागत नसे.

नात झाली, गुटगुटीत. लेक हसून म्हणाली, "घे आई, तपासून घे बरगड्या."

मावशीने बोट त्या इवल्याशा छातीवर टेकवलं. आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"काही दिसत नाही गं," ती म्हणाली, आणि आनंदाने हमसून हमसून रडली.